केझाया थ्रॉल आणि समारची घंटा

ईस्ट कॉर्बरीच्या प्रार्थनाघराची घंटा केझाया थ्रॉलनं एकोणीस वर्षं वाजवली, आणि मनोऱ्याची चावी गावानं तिच्याकडून एका दुपारी काढून घेतली. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यानंतर सगळे म्हणू लागले. तसं म्हणणं गावाला सोयीचं होतं. माझ्या मते त्या दुपारी सबंध व्हरमाँट राज्यात तिच्याइतकं ठिकाणावर डोकं दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

तिचा नवरा जोथम प्रार्थनाघराचा राखणदार होता. थडगी खणायची, शेगडी पेटवायची, घंटा वाजवायची, ही त्याची कामं. एका फेब्रुवारीत छातीच्या तापानं तो गेला आणि प्रश्न पडला, की घंटावाल्याचीच मरणघंटा वाजवायची कुणी? पंचमंडळी ओसरीवर घसा खाकरत उभी राहिली. तोवर केझाया शाल डोक्यावरून घेऊन मनोरा चढली होती. तिनं नवऱ्याचे ठोके दिले, एकही न चुकता, खाली उतरली आणि पीठ मळायला बसली. बाईमाणसानं घंटा वाजवायची हे काहींना खटकलं. पण रविवारी पहाटे बर्फ तुडवत येऊन शेगडी पेटवायला त्यांच्यातला एकही तयार नव्हता, तेव्हा ते खटकणं तिथंच थांबलं.

आमच्याकडे माणूस गेला की घंटा सांगते. आधी पुरुषाला नऊ ठोके, बाईला सहा, लेकराला तीन. मग जरा थांबून वयाच्या दर वर्षाला एक. घंटा सुरू झाली की शेतातला नांगर थांबतो, बायका कणकेतले हात तसेच ठेवतात, आणि गावभर ओठ हलू लागतात. शेवटचा ठोका विरेपर्यंत कोण गेलं ते प्रत्येकाला कळलेलं असतं. कुणी धावत सांगायला यावं लागत नाही.

केझाया तोंडाची फटकळ होती. गावातले वयस्क कर्नल बर्बँक एकदा तिला म्हणाले, "थ्रॉलबाई, माझी वेळ येईल तेव्हा ठोके नीट मोजा बरं का." तर ही म्हणाली, "तुमचे मोजायचे म्हणजे मला मध्ये जेवायला उतरावं लागेल, कर्नलसाहेब." कर्नल हसले, पण पुढं महिनाभर त्यांनी तिला टोपी काढून नमस्कार केला नाही.

तिचा एकुलता एक मुलगा ऑरिन. जोथम गेला तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आणि तेव्हापासून मनोऱ्याच्या जिन्यावर बसूनच वाढला. आईनं त्याला दोर धरायला शिकवलं, घंटा उतरवून तिच्या कण्याला चरबी लावायला शिकवलं, आणि कान द्यायला शिकवलं. "आवाज पुरता विरू दे, मग पुढचा ठोका," ती सांगायची. "घाईची घंटा आगीची. मेलेल्याला कसली आलीय घाई?" पोराचा कान इतका तयार झाला, की शेजारच्या गावची घंटा वाऱ्यावर आली तरी तो ताटावरून मान वर करून सांगायचा, "कुणीतरी म्हातारी गेली, आई."

अठराशे नव्याण्णव साली कर्नलसाहेबांनी गावच्या हिरवळीवर भाषण केलं. स्पेनकडून फिलिपाइन्सची बेटं आपण घेतली होती, आणि तिथल्या लोकांना ते मान्य नव्हतं. त्यांना मानायला लावण्यासाठी माणसं हवी होती. कर्नलांचा मुलगा रॉयल लेफ्टनंट होऊन निघालाच होता. ऑरिन बावीस वर्षांचा होता, आणि मेंढ्यांखेरीज जगात दुसरं काही असतं का ते त्याला बघायचं होतं. ऑरिनला आणि इतर भरती झालेल्यांना घेऊन गाड्या निघाल्या तेव्हा केझायानं घंटा इतकी जोरात वाजवली, की तळहाताला फोड आले. त्या फोडांचा तिला अभिमान वाटला होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं तिला त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटत असे.

दोन उन्हाळ्यांनी ऑरिन परत आला. हातपाय धड, चेहरा पिवळा. जेवायचा, कामाला जायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. झोपायला मात्र कोठारात जायचा, आणि रविवारी सकाळी घंटेची वेळ झाली की डोंगरावर निघून जायचा, आवाज पोचणार नाही इतका वर. शेजारणी म्हणायच्या, तिकडचा ताप अंगात मुरलाय, उतरेल हळूहळू. केझाया "हो" म्हणायची. ताप काय असतो ते तिला ठाऊक होतं, आणि हा ताप नव्हता.

त्याच हिवाळ्यात लेफ्टनंट रॉयलनं मनिलाहून एक मोठी पेटी पाठवली. तो तिकडंच सरकारी हुद्द्यावर राहिला होता. स्टेशनवरून पेटी आणायचं काम ऑरिनच्या गाडीकडं आलं. आत काय आहे ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नगरघराच्या ओसरीवर फळ्या उचकटल्या, तर भुशात एक घंटा. हातभर उंच, हिरवट पडलेली, कडेनं स्पॅनिश अक्षरं आणि कुण्या संताचं नाव. फिलिपाइन्समधल्या समार बेटावरच्या बंडखोरांनी हल्ल्याचा इशारा द्यायला वापरलेली ही घंटा, असं रॉयलनं कळवलं होतं. कुणीतरी काठीनं तिला एक टोला दिला. ऑरिन ओसरीवरून उतरला आणि चालत निघून गेला. घामेजलेले घोडे तसेच बर्फात उघडे ठेवून. आमच्या गावात माणूस बायकोला विसरेल, पण घोड्यांवर घोंगडी टाकायला विसरत नाही. लोकांनी नुसतं एकमेकांकडं पाहिलं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा. नगरघराच्या वरच्या दालनात पुरुष बसतात, बोलतात आणि मत देतात. खालच्या तळघरात बायका जेवण रांधतात. दोहोंच्या मध्ये एक गोष्ट आहे, आणि ती पुरुषांच्या कधी लक्षात आली नाही: खालच्या चुलीची ऊब वर जावी म्हणून तक्तपोशीला एक जाळीचं भोक आहे. ऊब वर जाते आणि वरचं सगळं बोलणं खाली येतं. केझाया त्या भोकाखाली उभी राहून पाव कापत होती.

सकाळ सगळी कुत्र्यांनी मारलेल्या मेंढ्यांच्या भरपाईवर आणि गिरणीकडच्या पुलावर गेली. मग विषय आला घंटेचा, गावानं तिचं काय करावं.

कर्नल बर्बँक उठले. "हिरवळीवर, सैनिकांच्या स्मारकाशेजारी टांगा," ते म्हणाले. "खाली पितळी पाटी लावा. जग दणक्याला मानतं, मंडळी. आपला दणका त्या बेटांना कळला, आता उरलेल्यांना कळेल. गावातल्या पोरांना रोज दिसू दे ते."

लोकरीच्या गिरणीचे मालक सायलस डटन यांना दणका महाग वाटत असे. "कर्नलसाहेब, एकेक गोळी कितीला पडते बघितलंत का कधी? मुलूख जिंकून काय करायचंय? बंदर उघडं ठेवा, त्यांना कर्ज द्या, जकातनाक्यावर आपला माणूस बसवा. मग गोळी झाडावीच लागत नाही, गिऱ्हाईक बिचारं स्वतःहून येतं. तिकडून पुढं चीन आहे. चीनमध्ये किती लोक थंडीनं कुडकुडतात, ठाऊक आहे? घंटा टांगा, माझी ना नाही. लाकडी चौकट गिरणी देईल."

"चौकटीवर गिरणीचं नाव घालणार असशील," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

मग पाद्री पेटिंगिल. मऊ आवाजाचा, मनाचा खरोखर चांगला माणूस. "बंधूंनो, तोफ नाही आणि तागेही नाहीत. आपण तिथं मोठ्या भावासारखं जायला हवं. शाळा, साबण, शास्त्र. त्यांना हात धरून उभं करायचं आणि उभे राहिले की सोडायचं. या घंटेच्या नावानं तिथल्या एका शाळेसाठी वर्गणी काढू."

"पाद्रीबुवा," झेडॉक फिच बसल्या जागेवरूनच म्हणाले, "घंटा कुठून उतरवली? देवळातूनच ना? मग येशू तिथं तुमच्या आधीच पोचला होता की."

झेडॉककाका म्हातारे, लंगडे. पाय व्हर्जिनियात गुलामांच्या सुटकेच्या लढाईत गेला होता. कष्टानं ते काठीवर उभे राहिले. "मी एक लढाई लढलो ती माणसांना मालकापासून सोडवायला. या वयात मला कुणाचा मालक व्हायचं नाही. मोठा भाऊसुद्धा नको. पेटी परत खिळे मारून बंद करा आणि ज्यांची आहे त्यांना धाडा."

"भाडं कोण भरणार, काका?" डटननं विचारलं. पुन्हा हशा झाला.

मग कर्नल म्हणाले, "आपल्यातलाच एक जण तिथं होता. ऑरिन थ्रॉल, तूच सांग. ती घंटा ऐकून तुला काय वाटलं होतं, ते गावाला कळू दे."

खाली केझायाची सुरी थांबली. वर बाक करकरला. कुणीतरी उभं राहिलं. चुलीवर घेवड्याची हंडी उतू गेली तरी एकाही बाईनं हलवली नाही. मग जिन्यावर बुटांचा आवाज झाला, आणि दार आपटलं.

"पोरगा हळवा झालाय," कर्नल वर म्हणत होते. "साहजिक आहे." आणि मतं घेतली गेली. पाटी कर्नलांची, चौकट डटनची, वर्गणी पाद्रीबुवांची; परत धाडण्याच्या बाजूनं झेडॉककाका आणि आणखी चार हात. तीस मेला, सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवशी, घंटा पहिल्यांदा वाजेल आणि दोर ओढण्याचा मान ऑरिन थ्रॉलला, असंही ठरलं. नंतर सगळे खाली येऊन पोटभर जेवले. भांडणारे एकमेकांना पाव पुढं करत होते. केझायाला त्याचंच नवल वाटलं, की एवढं दूरचं माणूस मुठीत कसं धरावं यावर यांचं जमत नाही, पण धरावं यावर मात्र जमतं.

तिला एवढंच समजत होतं, की त्या दिवशी पोराच्या हातात तो दोर दिला तर पोरगा हातचा जाईल.

दुसऱ्या दिवशी ती मेपलच्या झाडांचा गोड रस आटवायच्या डोंगरावरच्या झोपडीत गेली. रस गळायला लागला होता. ऑरिन कढईखाली लाकडं सारत होता. ती ओंडक्यावर बसली.

"काय केलं रे तुम्ही तिथं?"

"काही नाही."

"काही नाही तर रात्री कोठारात का झोपतोस?"

त्यानं कढईवरचा फेस काढला, झारा झटकला, पुन्हा काढला. मग आईकडं न बघता बोलायला लागला.

"त्या दिवसाच्या आठवडाभर आधी आमच्या दोन पहारेकऱ्यांना कोयत्यानं तोडलं होतं, आई. एक माझ्याशेजारी झोपायचा. सगळे पेटले होते. नदीकाठी एक गाव होतं, आम्ही सकाळी माडांच्या बागेत दबा धरून बसलो होतो. तेवढ्यात देवळाची घंटा वाजायला लागली. रॉयलसाहेब माझ्याजवळ सरकला. म्हणाला, 'थ्रॉल, तू घंटावालीचा ना? ही कसली घंटा?'"

"मग?"

"एक ठोका पडायचा. विरायचा. मग दुसरा." त्यानं झारा खाली ठेवला. "मला तिसऱ्या ठोक्यालाच कळलं होतं. माणूस गेल्यावर तू वाजवतेस तशीच वाजवत होता तो."



"मी म्हटलं, इशाऱ्याची असेल, सर."

"का रे?"

"ती तशी असावी असं मला वाटत होतं. कुणावर तरी गोळी झाडायची होती, आई. झाडायला कारण हवं होतं, आणि ते त्यानं मला विचारलं." तो थांबला. "देवळाचं दार उघडलं तशी आम्ही झाडली. फळीवर कुणाला तरी घेऊन येत होते. फळी पडली. बारकीशी बाई होती, केस पांढरेशुभ्र. ती तर आधीच मेलेली. बाकीच्यांना आम्ही मारलं. मनोऱ्यावरच्याला पण. त्याचे ठोके मध्येच राहिले. नंतर गाव पेटवलं, आणि साहेब म्हणाला घंटा उतरवा. उतरवायची कशी ते मलाच ठाऊक होतं."

रस कढईत करपायला लागला होता. केझायानं उठून त्यात बर्फ टाकला. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्याच्या अंगाला हात लावू नये असंही वाटलं. दोन्ही खरं होतं. शेवटी तिनं त्याची टोपी सरळ केली आणि डोंगर उतरली.

ती झेडॉककाकांकडं गेली, कारण असं काही सांगावं असे गावात तेच एक होते. सगळं ऐकल्यावर म्हातारा काठी टेकत उठला, आणि त्याचे गाल लाल झाले.

"केझाया, हे बोस्टनला छापायला हवं. पोरगा साक्षीला उभा राहिला ना, तर वॉशिंग्टनपर्यंत हादरेल सगळं. मी घेऊन जातो त्याला. सभा भरवू."

केझायानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. माणूस भला होता, त्यांचं म्हणणंही बरोबर होतं. पण हीच चमक तिनं कर्नलांच्या डोळ्यांत हिरवळीवर पाहिली होती, गाड्या निघाल्या त्या दिवशी.

"तुम्हालाही तो वाजवायलाच हवाय, काका," ती म्हणाली. "ती म्हातारी कोण होती, हे तुम्हीही नाही विचारलंत."

काका खाली बसले. "कोण होती?"

"मलाही ठाऊक नाही," केझाया म्हणाली आणि घरी आली.

तिनं ऑरिनला सांगितलं, निघून जा, तीस मे आधीच जा, मी काहीतरी सांगेन लोकांना. तो म्हणाला, "मी पळालो तर त्या पाटीवरचं इशाऱ्याचं खोटं खरं होईल." राहिला, पण तोंड उघडेल असंही दिसत नव्हतं. रोज थोडा थोडा वाळत होता.

तीस मे उजाडला. लायलॅकच्या फुलांच्या टोपल्या भरून बायका आल्या. जुन्या लढाईचे म्हातारे निळे कोट घालून रांगेत उभे राहिले, झेडॉककाकाही. डटनच्या चौकटीवर घंटा घासूनपुसून टांगली होती. कर्नलांनी पाटी वाचून दाखवली, की ही घंटा विश्वासघाताचा इशारा होती आणि आपल्या शूर मुलांनी ती कायमची गप्प केली. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली. मग दोर ऑरिनच्या हातात दिला.

ऑरिननं दोर धरला, आणि तसाच उभा राहिला. मिनिटभर कुणाला काही वाटलं नाही. मग लोक चुळबुळायला लागले. "ओढ बाळा," कर्नल हळूच म्हणाले. ऑरिननं दोर मुठीत आवळून धरला होता, आणि तेवढ्यानंही घंटा अगदी बारीक, भांडं भांड्याला लागावं तशी किणकिणत होती.

बायकांच्या रांगेतून केझाया बाहेर आली. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"सोड," ती म्हणाली. "हे काम माझं आहे."

तिनं ठोका दिला. विरू दिला. दुसरा दिला. तिसऱ्या ठोक्याला म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेले. सहा झाले आणि ती थांबली. बाई. हिरवळीवर सगळ्यांचे ओठ हलायला लागले.

मग वर्षं सुरू झाली. विशीच्या पुढं गेली तशी पोरींच्या आयांनी श्वास सोडला. चाळिशी गेली. कर्नल म्हणाले, "थ्रॉलबाई, झालं, बस आता." तिनं ऐकलं नाही. सत्तरीच्या पुढं गावातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडं बघू लागल्या, आपल्यातली कोण नाही म्हणून. सगळ्या होत्या. नव्वदीच्या पुढं गावात कुणीच नव्हतं, तरी घंटा चाललीच होती, तितकीच संथ. शंभर गेले. आता मोजायचं कुणाचं ते कुणाला कळेना, पण मोजणं थांबवताही येईना. एक पोर रडायला लागलं. पंचांपैकी दोघं दोर घ्यायला पुढं आले.

ऑरिन त्यांच्या आधी पोचला.

"आई, पुरे."

"पुरे कसं?" ती म्हणाली. तिच्या तळहातातून रक्त दोरावर उतरलं होतं. "कितीची होती रे ती? वय सांग, म्हणजे थांबते."

"ठाऊक नाही."

"विचारलं नाहीस?"

"कुणाला विचारणार होतो?" ऑरिन म्हणाला, मोठ्यानं, सगळ्या हिरवळीला ऐकू जाईल असं. गावानं त्याचा असा आवाज वर्षभरात ऐकला नव्हता. "सांगायला कुणी ठेवलंच नव्हतं आम्ही."

"कोण? कुणाबद्दल बोलतोयस?" कर्नलांनी विचारलं. पंच तिथंच थांबले. झेडॉककाकांनी मान खाली घातली.

केझायानं दोर सोडला नाही. आवाज पुरता विरेपर्यंत ती थांबली, आणि मग पुढचा ठोका दिला.